न्यूयॉर्कमधील घर सोडताना अडगळ काढण्यासाठी डम्पस्टर भाड्याने घ्यावा का?

तुम्ही लिहिले आहे की क्वीन्समधील घर विकून तुम्ही टेक्सासला जात आहात, तळघर आणि गॅरेज वर्षानुवर्षांच्या सामानाने भरले आहे आणि महिनाअखेरीस घर रिकामे करून द्यायचे आहे. घराला स्वतःचा ड्राइव्हवे (रस्त्यापासून गॅरेजपर्यंतची गाडीची वाट) असेल तर डम्पस्टर, म्हणजे ट्रकने आणून ठेवतात आणि भरल्यावर उचलून नेतात तो कचऱ्याचा मोठा उघडा कंटेनर, जरूर घ्या. मात्र तो सर्वांत शेवटी मागवा. तो दारात उभा राहिला की दिवसांचे भाडे डोळ्यांसमोर दिसू लागते आणि मग हाताला येईल ते त्यात जाते. ओळखीच्या घरांतून चांगली पितळेची भांडी आणि चालू स्थितीतील शिलाई यंत्रे अशी गेलेली मी पाहिली आहेत, आणि त्याचे मला अजूनही वाईट वाटते. म्हणून आधी द्यायचे, विकायचे आणि न्यायचे ते वेगळे काढा. उरेल तेवढ्यासाठीच डम्पस्टर.

अमेरिकेत त्याचा आकार घन-यार्डांत सांगतात. 10 यार्डांचा म्हणजे 270 घनफुटांचा, 20 यार्डांचा त्याच्या दुप्पट. सोफे, कपाटे, गाद्या असे जागा अडवणारे सामान असेल तर मोठा घ्यावा. पण पुस्तके, फरश्या असे वजनदार सामान असेल तर लहानच पुरतो, कारण भाड्यात ठरावीक टनांचीच मुभा असते आणि त्यावरील वजनाचे वेगळे पैसे पडतात. इथला टन 2,000 पौंडांचा, म्हणजे सुमारे 907 किलोंचा असतो. दिवाळी अंकांचे जुने गठ्ठे दिसतात त्यापेक्षा खूप जड भरतात. ते आधी महाराष्ट्र मंडळातील कोणाला हवेत का विचारा; उरलेला कागद शहराच्या रिसायकलिंगमध्ये विनामूल्य जातो.

भरताना मागचे दार उघडून आत चालत जाता येते. कपाटांच्या फळ्या सुट्या करून तळाशी आडव्या घाला, त्यावर जड वस्तू ठेवा आणि मधल्या पोकळ्यांत किरकोळ सामान बसवा. काठाच्या वर काहीही येता कामा नये, कारण ट्रकवर ताडपत्री ओढावी लागते. ढीग वर आला असेल तर चालक कंटेनर न उचलताच परत जाऊ शकतो आणि त्या फेरीचे पैसेही लावले जातात. रात्री मात्र तुम्ही स्वतः ताडपत्री घाला. पावसात गालिचे आणि गाद्या पाणी पिऊन जड होतात, शिवाय उघड्या डम्पस्टरमध्ये कोणीतरी आपला कचरा आणून टाकतो आणि त्याचे वजन तुमच्या बिलात येते.

काही वस्तू त्यात चालतच नाहीत. जुने टीव्ही आणि संगणक कचऱ्यात टाकण्यास न्यूयॉर्क राज्यात घरगुती ग्राहकांनाही 2015 पासून बंदी आहे. फ्रिजमधील वायू काढून घेण्यासाठी शहराच्या सॅनिटेशन विभागाकडे वेळ घ्यावी लागते. ऑइल पेंट, प्रोपेनच्या टाक्या आणि बॅटऱ्याही वेगळ्या द्याव्यात; विशेषतः लिथियमच्या बॅटऱ्या दाबल्या गेल्या की कचऱ्याच्या गाड्यांना आग लागते, आणि ती विझवणाऱ्यांचा जीव धोक्यात येतो.

ड्राइव्हवे नसेल आणि कंटेनर रस्त्यावर ठेवायचा असेल, तर शहराच्या वाहतूक विभागाचा परवाना लागतो. तो कंपनीने काढला आहे, हे तोंडी आश्वासनावर न सोडता परवान्याची प्रत मागून पाहा. ड्राइव्हवेवरही कंटेनरखाली लाकडी फळ्या टाकायला लावा, नाहीतर लोखंडी चाकांनी डांबर फाटते आणि घर विकताना तोच वादाचा मुद्दा होतो.

अपार्टमेंटमधील वाचकांना मी डम्पस्टर सुचवणार नाही. तिथे सामान उचलून नेणारी माणसे आणि ट्रक बोलावणे सोयीचे, कारण ते ट्रकमध्ये व्यापलेल्या जागेनुसार पैसे घेतात. बऱ्याच इमारती त्यांच्याकडून विम्याचे प्रमाणपत्र मागतात आणि सामानाच्या लिफ्टची वेळ आधी ठरवावी लागते.

पैसे भरण्यापूर्वी किती दिवस, किती टन, जादा टनाचा दर आणि उचलण्याची तारीख या चार गोष्टी कंपनीकडून लेखी घ्या. उचलण्याची तारीख घराचा ताबा देण्याच्या निदान दोन दिवस आधीची ठेवा, म्हणजे ट्रक आला नाही तरी दुसरी सोय करायला वेळ राहील.