तुम्ही संगीताचेही वेडे आणि बेसबॉलचेही. घड्याळ लावून खेळाची लय बिघडवली असं वाटत नाही का? सध्या जे चाललंय त्याबद्दल तुमचं मत काय?

घड्याळाने लय बिघडली नाही. बिघडली ती दुसऱ्याच कारणाने, त्याकडे येतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: 2023 पासून मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल लीगमध्ये, पिचरला (चेंडू टाकणाऱ्याला) घड्याळ लावलंय. बेसवर (धावताना गाठायच्या टप्प्यांवर) कोणी नसेल तर 15 सेकंदांत चेंडू टाकायचा. कोणी असेल तर तेव्हा 20 सेकंद होते, पुढच्या वर्षी त्याचे 18 केले. 2022 मध्ये नऊ इनिंगची मॅच सरासरी तीन तासांच्या वर जायची, ती एकदम दोन तास चाळीस मिनिटांवर आली. बॅटर मैदानात येताना त्याच्या आवडीचं गाणं वाजतं, तेही दहा सेकंदांत आटपायचं असं ठरलं. तेव्हा बरीच ओरड झाली. मला काही वाटलं नाही. दहा सेकंदांत एक झकास तिहाई बसते, अजून काय हवं?

घड्याळाने संगीताचं खरं नुकसान कसं होतं ते मी पुण्यात पाहिलंय. लहानपणी बाबा मला सवाईला न्यायचे, रमणबागेत. मध्यरात्रीनंतर मी सतरंजीवर आडवा व्हायचो आणि पहाटे भीमसेनजी गायला बसले की बाबा हलवून उठवायचे. पुढे रात्री दहाचा लाउडस्पीकरचा नियम आला, रात्रभराच्या मैफली बंद झाल्या आणि त्यांच्याबरोबर उत्तररात्रीचे रागही मंडपातून गेले. तिथे घड्याळाने गाण्याचे प्रहरच कापले. बेसबॉलमध्ये काय कापलं? बॅटर दर चेंडूला बाजूला होऊन हातमोज्यांचे पट्टे सोडायचा आणि पुन्हा आवळायचा, ते. म्हणजे तबलजीने दर आवर्तनाला हातोडी काढावी तसला प्रकार होता तो.

आणि मुळात मॅचला घड्याळ नाहीच, फक्त दोन चेंडूंमधल्या वेळेला आहे. 2025 च्या वर्ल्ड सिरीजची, म्हणजे लीगच्या अंतिम मालिकेची, तिसरी मॅच आठवा: डॉजर्स विरुद्ध टोरांटो, अठरा इनिंग, साडेसहा तासांच्या वर. डॉजर्सचा ओतानी नऊ वेळा बेसवर पोचला. शेवटी त्यांच्याच फ्रीमनने चेंडू कुंपणापलीकडे मारून मॅच संपवली तेव्हा लॉस एंजेलिसमध्ये मध्यरात्र होत आली होती. सातव्या इनिंगला सगळ्यांनी उठून गायचं ते 1908 सालचं 'टेक मी आउट टू द बॉल गेम' हे गाणं अशा लांबलेल्या मॅचमध्ये चौदाव्यालाही पुन्हा म्हणतात. घड्याळ लावूनही हे सगळं होतंच ना?

आता माझं खरं दुखणं.

मी कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला राहतो आणि शेजारच्या ओकलंडच्या ए'जचा, म्हणजे ॲथलेटिक्स या मेजर लीग टीमचा, माणूस होतो. 'होतो' म्हणायचं कारण, 1968 पासून ओकलंडमध्ये असलेली ही टीम 2024 नंतर तिथून गेली. सध्या सॅक्रामेंटोजवळ मायनर (खालच्या दर्जाच्या) लीगच्या, जेमतेम चौदा हजारांच्या मैदानावर पाहुणी म्हणून खेळते. नावापुढे गावच लावत नाही, नुसतं ॲथलेटिक्स. 2028 ला लास व्हेगासला नवं स्टेडियम होणार म्हणतात.

ए'जचं ओकलंडमधलं जुनं स्टेडियम, कोलिझियम, काही देखणं नव्हतं. बार्टच्या (इथल्या लोकल ट्रेनच्या) स्टेशनवरून जाळीचा पूल ओलांडून जायचं, पुलावर बेकनमध्ये गुंडाळलेल्या हॉटडॉगचा आणि तव्यावरच्या कांद्याचा वास. आत काँक्रीटच काँक्रीट. पण राइट फील्डच्या (मैदानाच्या उजव्या टोकाच्या) बाकांवर ढोलवाले बसायचे. पगारी नव्हेत, आपल्यासारखेच, तिकीट काढून येणारे. दोन-तीन ड्रम, एक काउबेल, हिरवे झेंडे. 'लेट्स गो, ओकलंड', मग दोन सुटे ठोके आणि तीन जोडून. मी इथल्या ढोलताशा पथकात ढोल वाजवतो. पहिल्यांदा तो ठेका ऐकला आणि मांडीवर माझा हात आपोआप चालू झाला.

त्यांच्या वाजवण्यातली मजा त्यांच्या थांबण्यात होती. पिचरने हात वर घेतला की हळू, बेसवर माणूस पळाला की सुटायचे. स्पीकरवरच्या गाण्याला मैदानात काय चाललंय ते दिसत नाही, म्हणून ते कितीही मोठ्याने लावलं तरी मला पाहुणंच वाटतं.

13 जून 2023 ला लोकांनी उलटा बहिष्कार केला. बहिष्कार म्हणजे न जाणं, तर हे मुद्दाम गेले. त्या वर्षी टीम 112 मॅच हरली, एरवी स्टँड ओस पडलेले असायचे. त्या मंगळवारी 27,759 लोक आले. बऱ्याच जणांच्या अंगात हिरवे टीशर्ट, छातीवर टीम व्हेगासला न्यायला निघालेल्या मालकाला उद्देशून एकच शब्द: विका. पाचव्या इनिंगला पहिल्या बॅटरपुरतं सगळं स्टेडियम गप्प झालं. ढोलही बंद. चेंडू ग्लोव्हमध्ये बसल्याचा आवाज वरच्या मजल्यावर ऐकू आला. आणि मग जो गजर झाला! विसर्जनाच्या दिवशी अलका चौकात सुद्धा मला एवढा काटा आला नव्हता, आणि हे मी पुणेकर असून लिहितोय.

26 सप्टेंबर 2024, कोलिझियममधली शेवटची मॅच. टेक्सासला 3-2 ने हरवलं. मॅनेजर मार्क कॉटसे माइक घेऊन मैदानात आला आणि म्हणाला, ती 'लेट्स गो, ओकलंड'ची घोषणा अजून एकदा द्या. सेहेचाळीस हजारांवर लोक होते. लोक मैदानातली माती घेऊन घरी गेले. माझी जॅमच्या बाटलीत आहे, देव्हाऱ्याशेजारी. बायको म्हणते आत तरी ठेवू नका.

तुम्ही 'सध्या' विचारलंत म्हणून: सध्या मी वेस्ट ओकलंडच्या रायमंडी पार्कात जातो. बॉलर्स नावाची छोटी टीम 2024 मध्ये सुरू झाली, पायोनियर लीग या छोट्या लीगमध्ये खेळते, 2025 ची ट्रॉफीही जिंकली. साधी बाकं, पोरं कुंपणाला लटकलेली. मागच्या मोसमात तिथे ढोल ऐकू आला आणि मी सरळ त्या बाकावर जाऊन बसलो. शेजारच्या वाजवणाऱ्याला फोनवर आमच्या पथकाचा व्हिडिओ दाखवला. त्याने ताशाची तर्री दोनदा लावून ऐकली, मग एक काडी माझ्या हातात दिली. मी सवयीने तिसरा ठोका जास्तीचा मारला. बॅटरने वळून पाहिलं.