भूमिगतांच्या काळातली प्रेमकथा लिहिताना

तू पहिलीच कादंबरी लिहायला घेतलीस आणि तीही साताऱ्याच्या प्रतिसरकारावर, म्हणजे इंग्रजांना न जुमानता चालवलेल्या समांतर सरकारावर (१९४३ ते १९४६), हे वाचून फार आनंद झाला. एकच कळकळीने सांगते: धोका आणि प्रेम वेगवेगळ्या प्रकरणांत ठेवू नकोस. नायक भूमिगत आहे, नायिका रात्री उसाच्या फडात भाकरी पोचवते. तो कुठे लपलाय हे तिला ठाऊक असणं, हाच त्यांच्यातला पहिला विश्वास. पोलीस दारात आले की ती काय बोलते, कुणाचं नाव गिळते, तिथे प्रेम दिसू दे. मग कबुलीचे लांब संवाद लागणारच नाहीत.

नायिकेला वाट बघत बसवू नकोस, ही माझी खरी विनंती. प्रतिसरकारचे नेते क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या कन्या हौसाताई स्वतः या लढ्यात होत्या. तुझी नायिकाही निरोप, हत्यारं पोचवू शकते.

आणि गांधी विवाह विसरू नकोस! हुंडा नाही, बडेजाव नाही, असली साधी लग्नं प्रतिसरकारानं लावली. वॉरंट निघालेला नवरदेव मांडवात येणार की नाही, यावर अख्खं प्रकरण उभं राहतं. ते आधी लिहून बघ.