बाल्ताझार मुका नाही

प्रश्न आला आहे : फ्रेंच दिग्दर्शक रोबेर ब्रेसाँच्या 'ओ आझार बाल्ताझार' (१९६६) या चित्रपटातल्या गाढवाला 'मूक नायक' म्हणावं की 'मुका नायक'?

मूक तत्सम, मुका तद्भव, दोन्ही शुद्ध. पण या चित्रपटावर लिहिणारा जो तो 'बिचारा मुका जीव' म्हणून हळहळतो, त्याचा वैताग येतो. श्रेयनामावलीवर संगीतकार शुबर्टचा पियानो चालू असताना तो मध्येच तोडून कोण ओरडतं? बाल्ताझारच! पडद्यावर दिसण्याआधी तो ऐकू येतो.

आपल्याकडे या प्राण्याची नावंच मुळी आवाजावरून पडली. धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या यादीत, 'गर्द शब्दे' (आवाज करणे) आहे, त्यावरून गर्दभ. 'रासृ शब्दे' आहे, त्यावरून रासभ. दोन्ही धातूंचा अर्थ 'शब्द', आणि आपण त्याला निःशब्द म्हणायचं! आता शेवटचा 'भ' पाहा : वृषभ, ऋषभ, शरभ, करभ, कलभ, शलभ. बैलापासून टोळापर्यंत सगळे एका दावणीला. गर्दभ, करभ, शलभ यांच्यासाठी संस्कृत व्याकरणाच्या उणादिसूत्रांत 'अभच्' प्रत्यय दिला आहे. ग्रीकमध्ये हरणाला एलाफोस म्हणतात. त्यातला 'फ' याच 'भ'चा भाऊबंद. मराठीने तर हा 'भ' सांभाळून ठेवला, असं माझं मत आहे. 'र्द'चा 'ड' झाला, 'भ'तला महाप्राण (ह-कार) त्या मागच्या 'ड'त शिरून 'ढ' झाला आणि जागेवर 'व' राहिला : गाढव. हिंदीतल्या 'गधा'त त्याचा महाप्राण तेवढा 'ध'त उरला.

काही अभ्यासक गर्दभ हा शब्द द्राविडी मुळापासून आणतात आणि तमिळ 'कळुदै' पुढे करतात. मग रासभाचं काय करणार? ऋग्वेदात अश्विनांच्या रथाला रासभ जोडलेला आहे, तो काही कुणाकडून उसना आणलेला नाही. एका नावाचं मूळ शोधताना दुसऱ्याकडे पाठ फिरवणं, याला व्युत्पत्ती म्हणत नाहीत.

बाल्ताझार मार खातो, ओझी वाहतो, या मालकाकडून त्या मालकाकडे जातो आणि ब्रेसाँ त्याच्या तोंडी माणसाची एकही भावना घालत नाही. सर्कशीत तो पिंजऱ्यांपुढून जातो, तेव्हा वाघ, हत्ती त्याच्याकडे पाहतात आणि तो त्यांच्याकडे. इतकंच घडतं, आणि मला चित्रपटातला सगळ्यात मोठा प्रसंग तोच वाटतो. त्याला शब्द हवा 'साक्षी' : स + अक्षि, डोळ्यांनी पाहणारा. 'साक्षी नायक' लिहा. तेही नको असेल, तर नुसतं 'गाढव' लिहा. त्या शब्दात कमीपणा काही नाही.