वाळूतला धक्का आणि 20 मार्च

सांगलीचे एक निवृत्त शिक्षक लिहितात: दुबईच्या सहलीत, लाहबाबच्या लाल वाळूत, सफारीची गाडी टेकाडावरून आदळली आणि मागच्या सीटवर बसलेल्या पत्नीच्या मणक्याला फ्रॅक्चर झालं. तारीख 14 जानेवारी 2024. खर्च चार लाख तीस हजार. ‘साहसी क्रीडा प्रकार पॉलिसीत बसत नाहीत’ म्हणून विमा कंपनीनं 20 मार्च 2024 ला दावा फेटाळला. आता काय करता येईल?

हिवाळी सहली आटोपल्या की अशी पत्रं येतातच. कधी सफारीऐवजी क्वाड बाइक असते, इतकाच फरक. मणक्याचा त्रास असणाऱ्यानं या गाडीत बसू नये, हे आता सांगून उपयोग नाही. तुमच्या पत्रात मला फक्त तारखा दिसतात.

ग्राहक संरक्षण कायदा 2019, कलम 69. तक्रारीला दोन वर्षांची मुदत. विमा कंपनीविरुद्ध ती दावा फेटाळल्यापासून मोजायची, म्हणजे 20 मार्च 2026 ला संपणार. टूर कंपनीविरुद्ध अपघातापासून, म्हणजे 14 जानेवारी 2026 ला संपली.

गुरुजी, या दोन वर्षांत तुम्ही विमा कंपनीला बावीस मेल पाठवलेत आणि ‘प्रकरण वरिष्ठांकडे आहे’ या उत्तरावर दर वेळी थांबलात. पत्रव्यवहारानं मुदत वाढत नाही. बाविसावा मेल गेला तेव्हाही ती 20 मार्च 2024 पासूनच धावत होती. विमा लोकपालांकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, फुकट, वकिलाशिवाय जाता आलं असतं, पण तिथली मुदत एका वर्षाची. ती केव्हाच गेली, आणि खरं सांगायचं तर मला त्याचाच जास्त राग आहे.

आता तक्रार सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात दाखल करा. बुकिंगच्या कागदावर ‘फक्त मुंबई न्यायक्षेत्र’ छापलंय, त्याला घाबरू नका. ग्राहक राहतो तिथं तक्रार करण्याची सोय कलम 34 मध्येच आहे. आयोगाचं शुल्क तुम्ही मोजलेल्या रकमेवरून ठरतं, मागितलेल्या भरपाईवरून नाही. सहल आणि विमा मिळून रक्कम पाच लाखांच्या आत असल्यानं शुल्क शून्य. तक्रारदार म्हणून नाव पत्नीचं हवं, तुमचं नव्हे. टूर कंपनीलाही त्याच तक्रारीत ओढा, सोबत विलंब माफीचा अर्ज जोडा. कारण म्हणून मेल दाखवू नका. पत्नी किती महिने अंथरुणाला खिळून होत्या, त्याचे दवाखान्याचे कागद लावा. उशीर थोड्या आठवड्यांचा आहे, माफ होऊ शकतो. होईलच असं मी म्हणणार नाही.

दावा टिकेल का? काही पॉलिसी साहसी प्रकार सरसकट वगळतात, काही फक्त स्पर्धा किंवा प्रशिक्षित माणसाच्या देखरेखीशिवाय केलेले प्रकार. म्हणून टूर कंपनीकडून सफारीच्या चालकाचा परवाना मागवा. मागच्या सीटवर नुसतं बसून राहणं ही ‘क्रीडा’ कशी, हाही प्रश्न विचारण्याजोगा आहे. उत्तर दोन्ही बाजूंनी येऊ शकतं. पत्रात तुम्ही जाता जाता लिहिलंय की विम्याच्या दोन पानी प्रमाणपत्राखेरीज काहीच मिळालं नाही. तुमचं सगळ्यात भक्कम वाक्य तेच. वगळणुकीची अट ग्राहकाला दिलीच नसेल तर कंपनीला तिचा आधार घेता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 2019 मध्ये भारत वॉच कंपनीच्या प्रकरणात म्हटलंय. फक्त आधी मेलचा स्पॅम फोल्डर तपासा. तिथं पॉलिसीच्या अटींची लिंक सापडली तर कंपनी तीच पुढं करेल.

कॅम्पवर सही केलेल्या ‘स्वतःच्या जबाबदारीवर’ या कागदाबद्दल तो पाहिल्याशिवाय बोलत नाही. फोटो असेल तर पाठवा.

निकाल कधी? कायदा साधारण तीन महिने म्हणतो. मी चार-चार वर्षं तारखा घेतल्या आहेत, तेव्हा या पैशांवर पुढची सहल ठरवू नका.

आणि 20 मार्चची वाट पाहू नका. 19 ला गुढीपाडवा आहे, ईदही त्याच सुमारास. ऑनलाइन दाखल करतानाही एखादा कागद राहतोच. तुमच्यासाठी शेवटची तारीख 28 फेब्रुवारी, असं मी धरलं आहे.