वजन 71 वर येऊन बसलं, काय करू?

प्रश्न: ताई, माझं वय 41, गाव दारव्हा तालुक्यात. आखाडीपासून चालणं सुरू केलं तेव्हा वजन 78 होतं, दिवाळीपर्यंत 71 वर आलं, लय खुश होती मी. पण तिथून दीड महिना झाला, काटा हलूनच नाही राहिला. आधी रोज 4 किलोमीटर चालत होती, मग 8 केले, तीन हप्त्यांपासून त्यात 12 सूर्यनमस्कार बी टाकले, तर वजन उलट अर्धा किलो वाढलं. भाकर दोनाची एक केली. चालून आल्यावर हातपाय गळतात म्हणून मूठभर फल्लीदाणे अन गुळाचा खडा खाते, बाकी काही खात नाही. संध्याकाळी तुरीच्या शेंगा उकडल्या तर तेवढ्या खाते सगळ्यांसंगं. घरी काटा नाही, बाजाराच्या दिवशी कृषी केंद्रातल्या काट्यावर वजन करते. आमच्या घरचे म्हणतात तुझं तर हवा खाऊन वाढते. दिवाळीत शिवलेलं ब्लाऊज ढिलं झालं, तेवढंच समाधान. आता 12 किलोमीटर करू का रातचं जेवण बंद करू?

उत्तर: दोन्ही नका करू. अन घरच्यांना सांगा, हवेत कॅलरी नसते.

ताई, तुम्ही जी गोष्ट शेवटी एका ओळीत उरकून टाकली ना, ब्लाऊजची, मला तर पत्रात तीच सगळ्यात मोठी वाटली. दिवाळीत माप देऊन शिवलेलं ब्लाऊज डिसेंबरात ढिलं होते म्हणजे अंगावरून काहीतरी उतरलं की नाही? मग काट्यावर काऊन नाही दिसलं, तर काटा काही चरबी वेगळी काढून मोजत नाही, त्याच्यावर हाडं, पाणी, पोटातली भाकर, अंगावरची शाल सगळंच चढते. तुम्ही तीन हप्त्यांपासून सूर्यनमस्कार सुरू केले, पहिल्या आठवड्यात मांड्या अन दंड ठणकले असतील, ते दुखणं म्हणजे स्नायूंना आलेली बारीक सूज, अन सूज आली की पाणी धरलं जाते. शिवाय व्यायाम वाढला की स्नायू आपल्याजवळ साखरेचा साठा जास्त ठेवतात, त्याला ग्लायकोजेन म्हणतात, अन त्याच्या एका ग्रॅमसोबत साधारण 3 ग्रॅम पाणी बांधलेलं असते. म्हणजे अर्धा-एक किलो असाच चढू शकते, त्यात चरबीचा एक कण नाही.

त्यात तुमच्या शेंगा. तुरीच्या शेंगांना मी नावं ठेवणार नाही, हिवाळ्यात गंजभर शेंगा मधात ठेवून सोलत बसण्यासारखं सुख नाही, पण आपण त्या उकडताना मीठ टाकतो मूठ मूठ, अन मीठ जास्त गेलं की दुसऱ्या दिवशी शरीर पाणी धरून बसते. पाळीच्या आधीच्या आठवड्यात बी बऱ्याच जणींचं वजन किलोभर वर जाते. आता तुम्ही वजन कधी करता, तर बाजाराच्या दिवशी, म्हणजे जेवून, चहा पिऊन, कदाचित भजे खाऊन. तो काटा खताच्या बॅगा तोलायला बरा आहे, खताच्या बॅगेला पाळी येत नाही. जमलं तर दोघी-तिघी मिळून घरचा साधा काटा घ्या, सकाळी उठून, संडासला जाऊन आल्यावर, काही खायच्या आधी हप्त्यातून तीनदा वजन करा अन वहीत मांडा. एका दिवसाच्या आकड्याकडे बघूच नका, या महिन्याचे आकडे अन मागच्या महिन्याचे आकडे शेजारी ठेवून बघा. आणि शिलाई मशीनची टेप आणून पोटाचा घेर मोजा, आपल्याकडच्या बायांसाठी 80 सेंटिमीटरच्या आत असावा असं मानतात.

पण सगळं पाण्यावर ढकलून मोकळं होता येत नाही, अन इथंच तुम्हाला माझा थोडा राग येईल. 78 किलोच्या शरीराला जेवढं लागत होतं तेवढं 71 किलोच्या शरीराला लागत नाही, बसल्याजागी बी कमी लागते अन चालताना बी, ओझंच कमी झालं तर डिझेल बी कमीच लागणार. शिवाय वजन उतरलं की शरीर जरा हात आखडून बी खर्च करते. आता तुमच्या वजनाला एक किलोमीटर चालायला धरा 50 कॅलरी, म्हणजे वाढवलेल्या 4 किलोमीटरच्या झाल्या 200. मूठभर दाणे म्हणजे 30 ग्रॅम, त्याच्या 170. गुळाचा खडा 20 ग्रॅमचा धरला तर आणखी 75. झाला हिशोब. वाढवलेले चार किलोमीटर तुम्ही ओसरीवर बसून दहा मिनिटात परत खाल्ले, वरतून 45 उरले.

अन गळून गेलं की माणूस दिवसभर बी कमी हलते, ते लक्षात येत नाही. दुपारी जरा आडवं होणं, पाण्यासाठी पोराला उठवणं, असं. टांझानियात हाड्झा नावाची जमात आहे, शिकार करून अन कंदमुळं खणून जगते, दिवसभर पायपीट. हर्मन पाँझर नावाच्या संशोधकानं अन त्याच्या सोबतच्यांनी त्यांचा दिवसाचा कॅलरीचा सगळा खर्च मोजून 2012 मध्ये छापला, तर शरीराच्या आकाराचा हिशोब धरल्यावर तो खुर्चीवर बसणाऱ्या अमेरिकन माणसाएवढाच निघाला. म्हणजे चालणं फुकट असं नाही, साखरेला, बीपीला, झोपेला, मनाला चालण्यासारखं दुसरं नाही. पण नुसते किलोमीटर वाढवत नेले की वजन त्याच हिशोबानं उतरत जाईल हे काही होत नाही. दिवसभर निंदणाऱ्या सगळ्याच बाया कुठं बारीक असतात, आपल्याच गावात बघा.

तर मी काय करीन सांगते. चालणं 5 किलोमीटरवर आणा. उरलेल्या वेळात हप्त्यातून तीन दिवस ताकदीचा व्यायाम, जिम नाही लागत, खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, भिंतीला हात लावून दंड, पाच लिटरची पाण्याची कॅन दोन्ही हातात धरून अंगणात चकरा. वजन उतरताना स्नायू बी झिजतात, ते वाचवायचे असतील तर त्यांना काम द्यावं लागते, अन खायला बी. भाकर एक केली ते ठीक, पण तिच्याजागी ताटात काय आलं? तुमच्या वजनाला रोज निदान 60 ग्रॅम प्रोटीन पाहिजे. घट्ट वरण, दही, मोड आलेली मटकी, खात असाल तर दोन अंडी, नाहीतर सोयाबीन वडी, 50 ग्रॅम सुक्या वडीत 25 ग्रॅमच्या आसपास मिळते. चालून आल्यावर दाणे-गुळाऐवजी हेच खा, हातपाय गळणं बी कमी होईल.

तेलाचं तुम्ही लिहिलंच नाही, कोणीच लिहीत नाही. मी आयुष्यभर माझ्या फोडणीच्या पळीला "एक चमचा" समजत होती, एक दिवस मोजून पाहिलं तर तिच्यात मोठे तीन चमचे मावले, म्हणजे झुणक्याची कढई चढवायच्या आधीच पावणेचारशे कॅलरी! चार माणसाच्या घरात महिन्याला पाच लिटरची कॅन संपत असेल तर माणशी रोज साधारण 340 कॅलरी नुसत्या तेलाच्या. कॅनवर उघडल्याची तारीख लिहा, हेच पाच लिटर सव्वा महिना पुरवून पहा.

आणखी एक, तुमच्याकडे रातची लाईन असते का? हरभऱ्याला ओलीत करायला घरचे रात्री दोनला उठतात अन त्यांच्यासोबत बाई बी उठते चहाला. झोप तुटली की दुसऱ्या दिवशी भूक जास्त लागते, अन ती भाकरीची नसते, गोडाची असते. त्या आठवड्यात वजन आहे तिथं राहिलं तरी पुष्कळ समजा.

हे सगळं करून दोन महिने झाले, वजन बी नाही अन घेर बी नाही हलला, किंवा थंडी जास्त वाजते, केस गळतात, पोट साफ होत नाही, पाळी मागंपुढं होते, असं असेल तर सरकारी दवाखान्यात थायरॉइडची टीएसएच तपासणी करून घ्या. रातचं जेवण मात्र बंद नका करू, भाकर अन वरण खाऊन झोपा.

प्रश्न: मी 24 वर्षांचा आहे, पोलीस भरतीची तयारी करून राहिलो. वजन 82 वर अडकलं. मित्र म्हणतात रेनकोट घालून धाव, घाम निघाला की वजन उतरते. करू का?

उत्तर: नाही रे भाऊ. घाम म्हणजे पाणी, एक लिटर गेला की काटा एक किलो खाली, हापशावर चार गिलास पाणी पेलं की परत वर. आपल्या विदर्भाच्या उन्हात रेनकोट घालून धावशील तर घामाला वाळायला जागा नाही, अंग आतून तापते अन ऊन लागते, त्यात माणसं दगावतात. अन भरतीत मार्क वजनाला नाहीत, 1600 मीटर किती वेळात मारले त्याला आहेत. हप्त्यातून दोनदा 400 मीटर जोरात, मधात चालत दम घेऊन, असे चार-पाच फेरे मार, अन संध्याकाळचा आलुबोंडा सोड. मित्रांना रेनकोट पावसाळ्यात घालू दे.