रात्रीच्या जेवणाऐवजी शेक: हिशेब, पद्धत आणि कुठे गाडी अडते

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय ३८, उंची १६० सेंटीमीटर, वजन ८४ किलो, इंदूरला दिवसभर खुर्चीवरचं काम, सकाळी उठल्या उठल्या थायरॉइडची गोळी. नाश्ता आणि रात्रीचं जेवण दोन्ही बंद करून त्या जागी मील रिप्लेसमेंट शेक घेतला तर दोन महिन्यांत १० किलो उतरतील का? दुधात घ्यायचा की पाण्यात? डबा कुठला आणायचा?

१० नाही, ४ ते ५ उतरतील. नीट केलंत तर तेवढे नक्की. तुमचं वय, उंची, वजन आणि बैठं काम धरलं तर दिवसाचा खर्च साधारण २००० कॅलरी येतो. खाणं १४०० वर आणलं तर रोज ६०० ची तूट पडते आणि त्यातून आठवड्याला अर्धा किलोच्या आसपास चरबी जाते. पहिल्या आठवड्यात काटा एकदम दीड-दोन किलो खाली येईल, त्यावर पुढचा हिशेब मांडू नका. ते बहुतेक पाणी असतं. शरीरात साठलेला ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा, आपल्याबरोबर प्रत्येक ग्रॅममागे तीनेक ग्रॅम पाणी धरून ठेवतो, खाणं कमी केलं की दोन्ही जातात. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात काटा मंदावतो, आणि बहुतेकांचा डबा तिथेच माळ्यावर जातो.

या शेकमध्ये चरबी जाळणारं काही नसतं. दिवसातलं एक जेवण मोजूनमापून ठरलेलं मिळतं, आणि त्या वेळेला 'आणखी अर्धी पोळी घे' हा प्रश्नच उरत नाही. फायदा एवढाच, पण तो खरा आहे. अमेरिकेत २००१ मध्ये सुरू झालेल्या 'लुक अहेड' या अभ्यासात मधुमेह असलेल्या ५,१४५ जणांना घेतलं होतं. त्यातल्या निम्म्यांना सुरुवातीचे काही महिने रोज दोन जेवणांच्या जागी आणि नंतर एका जेवणाच्या जागी असे पर्याय दिले. वर्षाअखेर त्यांचं वजन सरासरी ८.६ टक्क्यांनी घटलं, दुसऱ्या गटाचं ०.७ टक्क्यांनी. मात्र त्यांना आठवड्याला १७५ मिनिटं चालणं-व्यायाम आणि नियमित सल्लाही होता, त्यामुळे सगळं श्रेय पावडरीला देता येत नाही.

आता तुमच्या बेतातली मुख्य अडचण. सकाळचा शेक काढून टाका. थायरॉइडची गोळी रिकाम्या पोटी लागते, आणि या पावडरींमध्ये कॅल्शियम आणि लोह भरपूर घातलेलं असतं, कित्येकांत सोयाचं प्रथिनही असतं. हे तिन्ही ती गोळी नीट शोषू देत नाहीत. कॅल्शियम आणि लोहाशी चार तासांचं अंतर ठेवायला सांगतात. सहाला गोळी आणि सातला शेक घेतलात तर दोन महिन्यांनी टीएसएच (थायरॉइड कमी पडलं की रक्तात वाढणारं संप्रेरक) वाढलेला दिसेल, वजन हट्टाला पेटेल आणि कारण सापडणार नाही. म्हणून शेक रात्रीच घ्या, आठच्या सुमारास. तसंही इंदूरच्या दिनक्रमात पोटावर चढतं ते संध्याकाळी सहानंतरचं. वजन चार-पाच किलो उतरलं की टीएसएच पुन्हा तपासा, गोळीचं प्रमाण बदलावं लागू शकतं.

डबा निवडताना नावापेक्षा मागची बाजू वाचा. दुकानात 'शेक' म्हणून तीन वेगळ्या गोष्टी एकाच फळीवर असतात. एक नुसती प्रथिनांची पावडर: एका मापात २४ ग्रॅम प्रथिनं, १२० कॅलरी, बाकी काही नाही. ती जेवण नव्हे. दुसरी लहान मुलांच्या दुधात घालायची माल्टची पावडर, तिच्यात साखर पुष्कळ. तिसरी खरी मील रिप्लेसमेंट. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय खाद्यमानकानुसार एका जेवणाच्या जागी घ्यायच्या अशा अन्नात २०० ते ४०० कॅलरी असाव्यात आणि त्यातला २५ ते ५० टक्के भाग प्रथिनांतून यावा. तुमच्यासाठी मी एवढं बघेन: एका वेळेला २०० ते २५० कॅलरी, प्रथिनं निदान १८-२० ग्रॅम, तंतू (फायबर) ५ ग्रॅमच्या वर, वरून घातलेली साखर ५ ग्रॅमच्या आत, आणि जीवनसत्त्वं-खनिजं दिवसाच्या गरजेच्या पाव ते एक तृतीयांश. चरबी शून्य असलेला डबा घेऊ नका, ६-७ ग्रॅम असू दे. कारण पुढे पित्ताशयाच्या बोलण्यात येईल. घटकांच्या यादीत पहिलं नाव साखर किंवा माल्टोडेक्स्ट्रिन (साखरेसारखंच झटकन पचणारं पिष्ट) असेल तर डबा जागेवर ठेवा. एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेचा १४ अंकी परवाना क्रमांकही बघा.

लेबलावरची खरी मेख आकड्यांच्या रकान्यात असते. एक रकाना १०० ग्रॅमचा, दुसरा एका मात्रेचा, आणि कधी तिसरा 'दुधासह' असा. पुढच्या बाजूला ठळक छापलेली '२० ग्रॅम प्रथिनं' बरेचदा या तिसऱ्या रकान्यातली असतात. त्यातली ८ ग्रॅम तुमच्या २५० मिली दुधाचीच. म्हणून दूध की पाणी हे डबाच ठरवतो. पाण्यात घेऊनच १८-२० ग्रॅम मिळत असतील तर पाण्यात घ्या. पावडरीत १०-१२ ग्रॅमच असतील तर दुधात, पण दुधाची पिशवी बघून. फुल क्रीम म्हणजे ६ टक्के स्निग्धांश, २५० मिलीत सव्वादोनशेच्या जवळ कॅलरी. टोन्ड ३ टक्के, दीडशेच्या आसपास. डबल टोन्ड १.५ टक्के, साधारण १२०. घरी चहासाठी येणारी फुल क्रीमची पिशवी शेकला वापरली की २०० चा शेक सव्वाचारशेचा होतो, म्हणजे दोन पोळ्या, वाटीभर वरण आणि भाजीएवढा. मग जेवलेलं काय वाईट?

किमतीचा हिशेबही मात्रेवर करा. ५०० ग्रॅमचा डबा आणि ५० ग्रॅमची मात्रा म्हणजे दहाच रात्री. महिन्याला तीन डबे लागतात.

बनवायची पद्धत: शेकरमध्ये आधी पाणी, २५० मिली, मग पावडर. उलटं केलं तर तळाला गोळा बसतो. जाळीची गोळी टाकून अर्धा मिनिट हलवा, पाच मिनिटं ठेवा, पुन्हा हलवा. या पाच मिनिटांत तंतू पाणी धरतो आणि शेक दाट होतो, पोटाला भरल्यासारखं वाटतं ते त्यामुळे. गरम दूध किंवा उकळतं पाणी नको, व्हेचं, म्हणजे दुधाच्या निवळीचं, प्रथिन फाटतं आणि चोथा वर येतो. चमच्यावर भिस्त ठेवू नका. दाबून भरलेला आणि भुसभुशीत भरलेला चमचा यात सहज पाच-सात ग्रॅमचा फरक पडतो, स्वयंपाकघरातल्या काट्यावर एकदा तोलून खूण करून ठेवा. आणि गटागटा पिऊ नका, वाटीत ओतून चमच्याने पंधरा मिनिटं लावा. मे महिन्यात सकाळी कालवून ऑफिसला नेलेला शेक दुपारपर्यंत आंबतो. कोरडी पावडर वेगळी न्या.

शेकबरोबर काकडी-टोमॅटोची मोठी वाटी किंवा भाज्यांचं पातळ सूप घ्या. चावायला काहीच नसेल तर साडेनऊला मन नमकीनच्या बरणीकडे वळतं. मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम सेव १६० कॅलरींची. आठला शेक आणि साडेदहाला पाहुण्यांना घेऊन सराफ्यात, रात्रीच्या खाऊबाजारात, फेरी असेल, तर त्या दिवशी शेक घेऊच नका. भुट्ट्याचा कीस खा, तोच जेवण समजा आणि घरी या. शेक जेवणाच्या जागी असतो, जेवणाच्या अलीकडे किंवा पलीकडे नाही. वजन न उतरणाऱ्या बहुतेकांचं गणित इथेच बिघडलेलं असतं.

उरलेला दिवस साधारण असा बसतो. सकाळी ६० ग्रॅम मुगाच्या डाळीची दोन धिरडी, तेलासकट २८० कॅलरी, १४ ग्रॅम प्रथिनं. दुपारी दोन पोळ्या, ४० ग्रॅम डाळीचं वरण, भाजी, १५० ग्रॅम दही, मिळून सहाशेच्या थोडं वर. दोन चहा १२०. संध्याकाळी ३० ग्रॅम फुटाणे ११०. एक फळ ६०. रात्री शेक २२०. बेरीज १४०० च्या आसपास, प्रथिनं ६५ ग्रॅम. पोहे सोडायला मी सांगणार नाही, इंदुरात ते कोण ऐकणार! घरी केलेले ५० ग्रॅम कोरडे पोहे, दोन चहाचे चमचे तेल, थोडे दाणे आणि वर चिमूटभर सेव म्हणजे ३५०-४०० कॅलरी, पण प्रथिनं जेमतेम ७-८. आठवड्यातून दोनदा चालेल, सोबत वाटीभर दही घ्या. जलेबी मात्र ५० ग्रॅमला २०० च्या जवळ जाते. चतुर्थी-एकादशीला साबुदाण्याची खिचडी खाऊन वर शेकही घेणार असाल, तर त्या दिवसाची तूट संपली.

त्रास कुठले होतात? पहिले तीन-चार दिवस डोकं दुखतं. पिष्ट (कार्बोहायड्रेट) कमी झालं की शरीर मीठ आणि पाणी टाकतं. रक्तदाब नसेल तर मीठ घातलेलं पातळ ताक पुरतं. पोट साफ न होणं ही सगळ्यात जास्त येणारी तक्रार. दिवसाला अडीच लिटर पाणी आणि एक चमचा इसबगोल वेगळ्या ग्लासात, शेकमध्ये नाही. थायरॉइडच्या गोळीपासून तेही लांब. पोट फुगत असेल तर दोनच संशयित: दुधातली साखर, किंवा इन्युलिन (एक तंतू) आणि माल्टिटॉल (साखरेऐवजी घालतात ते) यांसारखे घटक. आधी पाण्यात घेऊन बघा, तरी फुगलं तर डबा बदला. दोन-तीन महिन्यांनी केस मुठीने गळू लागले तर वजन फार झपाट्याने उतरतंय किंवा प्रथिनं-लोह कमी पडतंय. भारतीय स्त्रीला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह लागतं, नुसत्या शेकमधून ते भागत नाही. आणि आठवड्याला दीड किलोपेक्षा जास्त उतरत राहिलं तर पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो. जेवणात थोडी चरबी असली की पित्ताशय रिकामं होतं, म्हणून वर ६-७ ग्रॅमचा आग्रह धरला. जेवणानंतर उजव्या बरगडीखाली कळ येऊन पाठीत गेली तर शेक थांबवून डॉक्टरांकडे जा.

सगळीच जेवणं बंद करून फक्त शेकवर राहायचं वेड तुमच्या प्रश्नात नाही, तरी सांगून ठेवते. ब्रिटनच्या 'डायरेक्ट' अभ्यासात रोज ८२५ ते ८५३ कॅलरी तीन ते पाच महिने दिल्या आणि वर्षभरात ४६ टक्के लोकांचा मधुमेह माघारी गेला, हे खरं आहे. पण तिथे साखरेच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी बंद केल्या होत्या. घरी तो प्रयोग करू नका. इन्सुलिन किंवा मधुमेहाची ग्लिमेपिराइड गोळी चालू असेल तर एक जेवण बदलल्यानेही साखर खाली कोसळू शकते, डापाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्याच गोळीवर असताना पिष्ट फार कमी केलं तर केटोअॅसिडोसिसचा म्हणजे रक्तात आम्ल साठण्याचा धोका आहे. मूत्रपिंडाचा आजार, गरोदरपण, अंगावर दूध पाजणं, १८ च्या आतलं वय, आणि खाऊन उलटी काढण्याची सवय, या सगळ्यांना डॉक्टरांशिवाय शेक नाही. बागेत सकाळी फुकट वजन करून देणारे 'न्यूट्रिशन कोच' यातलं काही विचारत नाहीत, डबा मात्र हातात देतात.

डब्याचा खर्च नको असेल तर एका जेवणापुरतं घरीही जमतं. फुटाण्याचं पीठ, म्हणजे सत्तू, ३० ग्रॅम, स्किम्ड मिल्क पावडर २५ ग्रॅम, डबल टोन्ड दुधाचं दही १५० ग्रॅम, भाजलेल्या जवसाची पूड ५ ग्रॅम, पाणी १५० मिली. घुसळून मीठ, जिरेपूड आणि चिमूटभर जीरावन (पोह्यांवर भुरभुरतात तो इंदुरी मसाला). साधारण ३०० कॅलरी, २१-२२ ग्रॅम प्रथिनं. मिल्क पावडर आणताना चहाचा डेअरी व्हाइटनर उचलू नका, त्यात साखर असते. यात वरून घातलेली जीवनसत्त्वं नाहीत, म्हणून दिवसातून एकदाच, आणि भाजी-फळ सोडायचं नाही.

दोन महिने झाले की एकदम बंद करू नका. पहिले दोन आठवडे सोमवारी आणि गुरुवारी शेकऐवजी एक पोळी, वाटीभर वरण, भाजी. पुढचे दोन आठवडे चार रात्री जेवण, मग सहा. वजन दर रविवारी सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, त्याच काट्यावर. सगळ्यात खालच्या आकड्यापेक्षा दोन किलो वर गेलं की पुन्हा पंधरा दिवस रात्रीचा शेक सुरू करा, पाच किलो चढेपर्यंत थांबू नका.