वनपट्टा आणि त्याचे ‘वाटप’

आदिवासी कसत असलेल्या वनजमिनीवरचा हक्क मान्य झाल्याचा जो कागद मिळतो, त्याला ‘वनपट्टा’ म्हणावे की ‘वनपट्टी’, असे शहाद्याच्या एका वाचकाने विचारले आहे. ‘वनपट्टा’ हेच योग्य. ‘पट्टी’ म्हटले की घरपट्टी, पाणीपट्टी असे कर आठवतात. कमरेचा पट्टा आणि दांडपट्टा येथे बाजूला ठेवतो. मूळ संस्कृत ‘पट्ट’, म्हणजे लेख कोरण्याची फळी किंवा धातूचा पत्रा, आणि त्यावरून राजाज्ञा. असे लेख ज्याच्या ताब्यात, तो पट्टकील. पट्टकीलाचाच पुढे पाटील झाला. खानदेशात ज्याच्यावाचून गाव सापडणे कठीण ते आडनाव आणि धडगावच्या पावरा आदिवासीच्या हाती पडणारा हा कागद ही एकाच शब्दाची लेकरे आहेत! ‘पट्ट’ हे ‘पत्र’ शब्दाचेच बदललेले रूप असे काही व्युत्पत्तिकार मानतात, ते मला मुळीच मान्य नाही. पत्र म्हणजे पान, ते वाळते आणि फाटते. पट्ट टिकावा म्हणूनच कोरला जातो. केवळ ध्वनिसाम्याने हा भेद पुसता येत नाही.

मात्र पट्टा नेहमी वरून खाली येतो. ताम्रपटाचे दान राजाचे, भाडेपट्ट्याची मुदत मालकाची, आणि वनखात्याने आदिवासींना कसण्यास दिलेले ‘एकसाली’ प्लॉट तर वर्षाच्याच बोलीचे. म्हणूनच ‘वनपट्टे वाटप’ हे शब्द ऐकले की संताप येतो. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या नावातच ‘वन हक्कांची मान्यता’ आहे आणि हे हक्क पूर्वी नीट मान्य न झाल्याने ऐतिहासिक अन्याय घडला, असे त्याची उद्देशिका सांगते. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून आदिवासी कसत असलेल्या जमिनीवरचा हा हक्क, जास्तीत जास्त ४ हेक्टरपर्यंत, वारसाकडे जातो, विकता येत नाही, विवाहितांच्या बाबतीत पती-पत्नी दोघांच्या नावे नोंदला जातो, आणि त्याच्या निश्चितीची सुरुवात ग्रामसभेत होते. जे पिढ्यान्‌पिढ्या कसणाऱ्याचेच आहे, त्याचे वाटप कोण करणार? शिवाय मोह, टेंभुर्णीची पाने आणि चराई यांवरचे सामूहिक हक्क कोणत्याही पट्ट्यात मावत नाहीत. ‘पट्टा’ एवढाच शब्द तोंडी राहिला की ते हक्क चर्चेतूनच निसटतात.

तेव्हा बोलताना ‘वनपट्टा’ खुशाल म्हणावे, पण बातमीत ‘पट्टे वाटले’ असे न लिहिता ‘वनहक्क मान्य झाले’ असे लिहावे. दावा फेटाळला गेला असेल, तर ‘पट्टा मिळाला नाही’ असे न म्हणता ‘हक्क अमान्य केला’ असे लिहावे, म्हणजे तो कोणत्या समितीने आणि कोणत्या कारणाने अमान्य केला, हेही पुढच्याच वाक्यात सांगावे लागेल.